बारा हंगामांचा जादूगार

१

हंगाम संपला की कारखान्याच्या कॉलनीतली दुपार सरता सरत नाही. मार्चअखेर उसाची शेवटची गाडी रिकामी होते, चिमणी थंड पडते, तोडणीच्या टोळ्या बैलगाड्या जुंपून आपापल्या गावाला निघून जातात आणि मागं उरतात ते कायम नोकरीतले लोक. सकाळी चार तास यंत्रं उघडायची, तेल-ग्रीस करायचं आणि दुपारी लिंबाखाली पत्ते कुटत बसायचं. गंगाखेडच्या उन्हात दुसरं करणार तरी काय?

शिवशंकरला पत्त्यांचा भारी तिटकारा. म्हणून मेहुण्यानं, भुजंगनं, तो नवा खेळ काढला तेव्हा तो लगेच तयार झाला. दर गुरुवारी जेवणं झाली की पंकजा टेबल पुसून घ्यायची आणि तिघं बसायचे. शिवशंकर, त्याची बायको पंकजा आणि तिचा धाकटा भाऊ भुजंग.

आता हा खेळ म्हणजे काय, तर निव्वळ गप्पा! एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं. दार उघडायचं, राक्षस मारायचा, सगळं तोंडानंच. जमलं का फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगणार. भुजंग पुण्याला डिप्लोमाला गेला होता, तिथल्या होस्टेलात हे शिकला. डिप्लोमा तिथंच राहिला, खेळ तेवढा घेऊन आला. पंकजा झाली पुजारीण. शिवशंकर झाला जादूगार. गोष्ट भुजंग चालवायचा.

खरं सांगायचं तर शिवशंकर तसाही थोडा जादूगारच होता. कारखान्यात तो पॅनमन. घरभर उंचीच्या त्या बंद भांड्यात रस शिजत असतो आणि कोणत्या घटकेला त्याची साखर झाली, दाणा कधी धरला, पॅन कधी खाली सोडायचा, हे पॅनमन ठरवतो. काटे-मीटर आहेत, संगणकसुद्धा आला आहे. पण शेवटी काचेवर थेंब घेऊन अंगठा आणि बोटात चोळायचा आणि अंगठा सांगेल ते करायचं. शिवशंकरच्या अंगठ्याला चीफ केमिस्टसुद्धा मान देत. भुजंग बहिणीच्याच घरी राहून शिवशंकरच्या हाताखाली तीन वर्षं हंगामी म्हणून राबत होता आणि त्याला ढिम्म कळत नव्हतं. "तुझ्या अंगठ्यात जीवच न्हाई रे," असं शिवशंकर त्याला चारचौघांत म्हणायचा, आणि लोक हसायचे.

खेळात पात्राचा एक कागद असतो. भुजंग म्हणाला, "दाजी, तुमचे बारा हंगाम झाले न्हवं? मग तुमचा जादूगार बाराव्या लेव्हलचा. ही पुण्यातली इंग्रजी मंत्रांची नावं आपल्याला काय करायचीत? एकेका लेव्हलपुढं त्या हंगामात तुमी काय शिकलाव ते लिवा. त्योच तुमचा मंत्र."

शिवशंकरला ही कल्पना फारच आवडली. त्याचे उस्ताद, आप्पाराव, पोरांच्या हातात वही दिसली की फाडून टाकायचे. हे काम लिहायचं नसतं, हात धरून द्यायचं असतं, असा त्यांचा दंडक. लिहिताना ते आठवलं खरं. पण खेळात कसला आलाय दंडक, असं म्हणून तो हसला, आणि पहिल्या हंगामापासून बाराव्यापर्यंत, खालून वर, पेन्सिल दाबून दाबून सगळं लिहून काढलं.

२

आषाढातल्या एका गुरुवारी भुजंग म्हणाला, "विरूपाक्ष जिना उतरायलाय. आन त्याच्या मागं कुणीतरी हाय."

विरूपाक्ष म्हणजे शिवशंकरचा जादूगार. "कोण हाय?" त्यानं विचारलं.

"सावट."

"दिसतं कसं?"

"दिसत न्हाई," भुजंग म्हणाला आणि फासा टाकला. फासा टेबलावर फिरत राहिला. एरवी तो दोन-चार टप्प्यांत थांबायचा, त्या दिवशी थांबेना. बाहेर कुणाच्या तरी नळाला पाणी आलं होतं आणि बादलीत धार पडत होती. शेवटी एकोणीस पडले.

"शिवलं तुमाला. एक लेव्हल गेली."

"म्हंजी काय झालं?"

भुजंगनं नीट समजावून सांगितलं. सावट जखम करत नाही, रक्त काढत नाही. ते शिवलं की माणसाची एक पायरी जाते. तलवारवाल्याची गेली तर त्याचा हात जरासा हलका पडतो, पण तलवार राहते, अंग राहतं. जादूगाराची गेली की मंत्रच जातो, आणि जादूगाराकडं मंत्राशिवाय असतं काय? "वरचा मंत्र आधी जातो. उशिरा शिकलेलं आधी. जादूगाराला ह्येच लय वाईट असतंय बगा."

नियम असा होता की ज्याची लेव्हल गेली त्यानं स्वतः खोडायचं नाही. शेजारच्यानं मोठ्यानं वाचायचं आणि मग खोडायचं. पंकजानं कागद ओढला.

"बारावा हंगाम," तिनं वाचलं. "पावसात भिजलेला ऊस. दाणा उशिरा धरतो. घाई करायची न्हाई." आणि तिनं खोडरबर फिरवलं.

चहा आला, गप्पा दुसरीकडं वळल्या. शिवशंकरनं सहज कागदावरून बोट फिरवलं. त्याची सवय पेन्सिल इतकी दाबून लिहायची की अक्षर मागच्या बाजूला उठायचं. त्या ओळीच्या जागी कागद सपाट होता. मागून पाहिलं, तिथंही काही नाही. अकरा ओळी बोटाला लागत होत्या आणि बारावी कधी लिहिलीच नव्हती असं वाटत होतं.

रबराचा चुरा मात्र टेबलावर पडला होता. भुजंगनं तो तळहातानं गोळा केला आणि मूठ मिटली.

३

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या, तोवर सहा लेव्हल गेल्या होत्या.

कॉलनीत एक रीतच पडली होती. लाडवांचा पाक झाला की बाया पळीभर पाक ताटलीत घेऊन शिवशंकरकडं यायच्या. तो अंगठा लावायचा, "अजून दोन उकळ्या" नाहीतर "उतरवा आता" म्हणायचा, आणि त्या वर्षी कुणाचा लाडू बिघडायचा नाही. त्या दिवशी शेजारची सरजाबाई आली. शिवशंकरनं हसत हसत अंगठा बुडवला, बोटाशी चोळला, आणि थांबला.

चिकट होतं. गरम होतं. बस्स. त्यापलीकडं काही नाही.

"काय म्हंतोय पाक?" सरजाबाईनं विचारलं.

"उतरवा," तो म्हणाला, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

सरजाबाईचे लाडू महालक्ष्म्यांपुढं ताटात पसरले. बाया हसल्या, "दाजीचं मन दुसरीकडं हाय वाटतं!" शिवशंकरही हसला. पण अंगठा पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

दुसऱ्याच दिवशी एसटीनं परभणी गाठली. डॉक्टरांनी टाचणी टोचली, बोटं वाकवली, रक्त काढलं. सगळं ठीक. साखरसुद्धा ठीक. "दगदग व्हायलीय, झोपत जा," असं म्हणून गोळ्या दिल्या. येताना खिडकीशी बसून त्यानं स्वतःला समजावलं. पाच महिने पॅनला हात नाही लागला, बोट विसरतंच. हंगाम सुरू झाला की आठवेल. पोहणं कुणी विसरतं का?

मग त्यानं सहज आठव्या हंगामाची आठवण काढायला घेतली. त्या वर्षी शिफ्टला बरोबर कोण होतं? काय घडलं होतं? सोनपेठचा कुणीतरी होता, एवढं त्याला ठाऊक होतं. पण ते दुसऱ्याच कुणीतरी सांगितल्यासारखं होतं. त्या माणसाचा चेहरा आठवेना, आवाज आठवेना. नववा आठवून पाहिला, दहावा पाहिला. सिंगणापूर फाटा आला, दैठणा गेलं, आणि तो बोटांवर मोजत बसून राहिला.

खोडलेल्या ओळी सहा. बारावीपासून सातवीपर्यंत. त्याच्या डोक्यात तो विचार आला आणि त्यानं तो झटकून टाकला. शिकलेला माणूस आपण, खेळातल्या कागदाला भ्यायचं म्हणजे अतीच झालं! आणि मुद्दाम, स्वतःला दाखवायला म्हणून, तो पुढच्या गुरुवारी खेळायला बसला. त्याच्या पुढच्याही बसला.

४

दसऱ्याला बॉयलर पेटला. आठवड्यानं पॅनची पाण्यावर चाचणी होती. रस नाही, नुसतं पाणी उकळून गळती बघायची.

शिवशंकर सकाळी नऊला जिना चढू लागला आणि मध्येच थबकला. वर कुणीतरी काचेवर नखानं टकटक करत होतं. दोनदा, मग थांबून एकदा. ती सवय त्याची होती. थेंब काचेवर पसरावा म्हणून तो तसं करायचा. बारा वर्षांत दुसऱ्या कुणाला तसं करताना त्यानं ऐकलं नव्हतं.

आणखी चार पायऱ्या चढून त्यानं डोकं वर काढलं. पॅनपुढं भुजंग एकटाच उभा होता. डोळे मिटलेले, अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होतं. बोटांत काहीच नव्हतं. तो हळू आवाजात बोलत होता, "भिजलेला ऊस हाय. घाई करायची न्हाई."

शिवशंकरची नजर त्या अंगठ्यावर गेली. अंगठा जाडजूड होता, पांढऱ्या चट्ट्यांनी भरलेला. उकळता रस वर्षानुवर्षं उडाला की पॅनमनचा अंगठा तसा होतो. तीन हंगामांच्या पोराचा होत नाही. त्यानं स्वतःचा हात वर घेऊन पाहिला. अंगठा गुलाबी होता, मऊ, एक जुना फिकट डाग सोडला तर रेघान् रेघ स्वच्छ. त्या एका डागापलीकडं कधी पोळलाच नव्हता.

त्यानं जिन्याचा गज घट्ट धरला. पॅनला आत बघायला जाड काच असते, तिच्यात भुजंगचं प्रतिबिंब पडलं होतं. त्याच्या शेजारी आणखी एक माणूस उभा होता. डाव्या पायावर भार देऊन, खांदा जरा खाली टाकून. आपण असेच उभे राहतो, हे शिवशंकरला लग्नाच्या फोटोवरून ठाऊक होतं. पण तो स्वतः जिन्यात होता. तिथून त्याचं प्रतिबिंब त्या काचेत पडणं शक्यच नव्हतं.

काचेतल्या माणसानं मान वळवायला सुरुवात केली, आणि शिवशंकर धडाधड जिना उतरून खाली आला. वरून भुजंगचा आवाज आला, अगदी मायेचा, "दाजी, या की वर! कामून पळायलाव?"

५

पंकजा भाकरी थापत होती. त्यानं तिच्यापुढं हात धरला.

"ह्ये बघ."

तिनं बघितलं नाही. परातीतलं पीठ तसंच थापत राहिली. शिवशंकरला तेव्हाच कळायला हवं होतं.

"पंकजा, तुला म्हाईत हाय का काही?"

भाकरी तव्यावर पडली. तिनं वरून पाणी फिरवलं. "पयल्यांदा खोडलं ना," ती तव्याकडं बघत म्हणाली, "त्या सांजच्याला भुजंगनं माझ्या पातेल्यात बोट बुडवलं. बासुंदी व्हती. म्हनला, ताई, मला कळायलंय. आन रडाय लागला. आवं, त्या पोराला जल्मात कधी काय कळलं न्हाई. चार वर्साचा व्हता माय गेली तवा. म्या त्याला कडेवर वाढवलं. शाळेत हसले, पुण्यात हसले, हितं तुमी हसलाव."

"आन तू मला सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं, दोन-चारानं काय व्हतंय? तुमच्याकडं बारा व्हत्या!"

शिवशंकर ओट्याला टेकून उभा राहिला. भाकरी करपल्याचा वास आला, तरी तिनं ती उलटली नाही. प्रत्येक वेळी हीच वाचत होती. मोठ्यानं, सावकाश, एक शब्द न गाळता. आणि वाचून झाल्यावर खोडत होती. सोळा गुरुवार ती त्याच्या शेजारी बसली होती, आणि त्याला वाटत होतं की ती त्याच्या बाजूनं खेळते आहे. संतापानं त्यानं ओट्यावर मूठ आपटली. परक्यानं गळा कापला असता तर इतकं लागलं नसतं.

"किती उरल्यात?" त्यानं शेवटी विचारलं. त्याला आता नीट मोजताही येत नव्हतं.

"एक."

मग ती रडली. त्याचे पाय धरले. म्हणाली, "म्या परत देते. माझ्या पुजारणीकडं त्यो मंत्र हाय. गेलेल्या लेव्हल माघारी आणायचा. एकदाच वापरता येतो, म्या राखून ठिवलाय. उद्या बसू. पुजारणीचा नंबर सावटाच्या आधी असतो. भुजंगनं फासा उचलायच्या आत म्या तुमाला शिवते. देवाच्यान!"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. दुसरं कुणाकडं पाहणार होता? परवा हंगामाची पहिली उसाची मोळी टाकायची होती, त्यानंतर पहिला पॅन. सगळा कारखाना त्याच्या अंगठ्याकडं बघत उभा राहणार होता. त्यानं तिच्यावर विश्वास ठेवला.

६

गुरुवारची दुपार. टेबल पुसलेलं होतं. कागदावर तळाशी एक ओळ आणि वर सगळा कोरा पांढरा भाग.

भुजंग उशिरा आला. त्याच्या अंगाला गोडसर, शिजल्या रसाचा वास येत होता, आणि कारखान्यात अजून रस आलाच नव्हता. बसताना त्यानं डावा खांदा खाली टाकला.

"विरूपाक्ष अंधाऱ्या खोलीत बसलाय," त्यानं सुरुवात केली. "त्याला आता एकच मंत्र येतो. पुजारीण त्याच्या बाजूला हाय. सावट दारात हाय." मग तो बहिणीकडं वळला. "ताई, तुझा नंबर."

पंकजानं टेबलाची कड बोटानं पुसली. पंखा गरगरत होता. बाहेर रस्त्यावरून उसानं भरलेला पहिला ट्रॅक्टर गेला, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

"ताई," भुजंग हळूच म्हणाला, "त्ये माघारी गेलं तर माझ्याकडं काय ऱ्हाईल? काहीच न्हाई. आन ही एक त्यांच्याकडं ऱ्हाईली तर परवा माझ्या पॅनला दाणा धरायचा न्हाई. अर्ध्या उस्तादाच्या हाती दाणा धरत न्हाई. ठरव तू."

"पंकजा," शिवशंकर म्हणाला.

तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा भावाकडं. भावाकडं जरा जास्त वेळ.

"माझा नंबर सोडला," ती म्हणाली.

शिवशंकरला प्रथम वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.  तो उठायला गेला, कागद ओढायला हात पुढं केला, पण भुजंगचा जाड अंगठा कागदावर होता आणि तो हलला नाही. आणि खरं सांगायचं तर खांद्यामागं कुणीतरी उभं होतं. स्वतःच्या घरात, भर दुपारी, कुणीतरी अगदी जवळ उभं होतं आणि डाव्या पायावर भार देत होतं. मागं बघायचं त्याला धाडस झालं नाही.

फासा पडला. फिरायला लागला.

"पंकजा, अगं म्या तुझं काय वाईट केलं?" तो ओरडला. "बारा वर्सं! एक तरी शब्द बोल!"

फासा थांबला. वीस.

मानेवर गार हात पडावा तसं काहीतरी झालं. पंकजानं कागद आपल्याकडं ओढला. नियम म्हणजे नियम, आधी वाचायचं.

"पयला हंगाम," तिनं वाचलं. "अंगठा पोळला. लग्नाला..." ती अडखळली. भुजंगनं तिच्याकडं पाहिलं. ती पुढं वाचू लागली. "लग्नाला वीस दिवस झाले व्हते. पंकजा सकाळपस्तोर फुंकर घालत बसली. म्हनली, सोडून द्या ह्ये काम. तिच्यासाठीच सोडलं न्हाई."

 तिच्या हातात खोडरबर होतं. शिवशंकर तिच्याकडं बघत होता. त्याला अजून सगळं कळत होतं, ही कोण, हिनं काय केलं, आणि आता काय करणार आहे. त्यानं फक्त मान हलवली. नको.

"पूस, ताई," भुजंग म्हणाला.

तिनं पुसलं. एका दमात नाही, थोडं थोडं, उजवीकडून डावीकडं. चुरा भुजंगनं गोळा केला.

शिवशंकरनं डोळे चोळले. दुपार झाली होती. खोली नीटनेटकी होती, भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाचा फोटो होता. समोर भारदस्त हाताचा एक माणूस बसला होता, आणि त्या हातांकडं बघूनच कळत होतं की हा पॅनवरचा उस्ताद आहे. याच्या हाताखाली काम मिळालं तर किती बरं होईल, असं त्याला मनापासून वाटलं. शेजारी एक बाई तोंडात पदर कोंबून बसली होती. तिचे खांदे हलत होते. त्याला तिची दया आली.

"बाई," तो अदबीनं म्हणाला, "का रडायलाव तुमी? कुणी काय केलं का तुमाला?"